मध्यमवय नक्की कुठून धरायचं? (गोव्यातल्या मंडळींची मतं हवी आहेत)

मांडवीकाठ
नमस्कार मंडळी. आमच्या वाड्यावरच्या महिला मंडळाने मध्यमवयीन महिलांसाठी एक दिवसाचं शिबिर ठरवलंय. सकाळी रक्तदाब आणि साखरेची तपासणी, मग एका डॉक्टरबाईंचं बोलणं, जेवणानंतर वारसाहक्कावर वकीलबाई. सगळं जुळलं आणि पत्रकावर वय काय घालायचं यावर गाडी अडली. अध्यक्षबाई म्हणाल्या ४० ते ६०. अंगणवाडीची सेविका म्हणाली ३० घाला. तिसऱ्या एकीने तर शब्दच काढायला सांगितला. "मी ४७ ची. पण मध्यमवयीन असं वाचलं तर ते पत्रक माझ्यासाठी आहे असं मला वाटणारच नाही," हे तिचं म्हणणं.

तिचं बोलणं माझ्या डोक्यातून जात नाही. हा शब्द आपण स्वतःसाठी वापरत नाही हे खरंच आहे. वर्तमानपत्रात तो भेटतो तो "मध्यमवयीन इसमाचा मृतदेह आढळला" किंवा "मध्यमवयीन महिलेची साखळी हिसकावली" असा. बातमी चांगली असली की माणसाचं नाव येतं, गाव येतं, काम येतं. वयाचा उल्लेख कुणाला सुचत नाही. आणि मला याची काळजी वाटते. याच वर्षांत बायका स्वतःकडे सगळ्यात कमी बघतात, आणि बघायची गरज सगळ्यात जास्त याच वर्षांत असते.

तर सांगा, तुमच्या मते हे वय कुठून कुठपर्यंत? आणि तुमच्या घरी, कामावर, गावात ते कशावरून ओळखतात?

कुळागर
ताई, मी वैद्य आहे, डिचोलीकडे माझा दवाखाना. आयुर्वेदात याचं उत्तर आहे, पण एक नाही. चरकाच्या हिशेबाने ३० पर्यंत बालवय (त्यातही १६ पर्यंत शरीराचे धातू कच्चे), ३० ते ६० मध्यवय आणि पुढे जीर्ण. सुश्रुत मध्यवय १६ पासून थेट ७० पर्यंत नेतो आणि त्याचे टप्पे पाडतो: २० पर्यंत वाढ, ३० पर्यंत तारुण्य, ४० पर्यंत सगळं भरात, आणि ४० ते ७० घट. ती घटसुद्धा तो 'ईषत्' म्हणतो, म्हणजे थोडीथोडी. मला हे फार आवडतं. चाळिशीनंतर माणूस उताराला लागतो असं त्याने म्हटलेलं नाही, किंचित ओसरू लागतो एवढंच म्हटलंय, आणि त्या किंचित ओसरण्याला पुरी ३० वर्षं दिली आहेत.

मध्यवय हा पित्ताचा काळ. माझ्याकडे येणाऱ्या तिशी ते पन्नाशीच्या लोकांची निम्मी गाऱ्हाणी छातीत जळजळ, डोकं चढणं आणि झोप न लागणं अशीच असतात. रात्री साडेदहाला हुमण (माशांची आमटी) आणि भात आणि सकाळी रिकाम्या पोटी दोन चहा, मग दुसरं काय होणार!

पर्वरी२९
साधं गणित करूया ना. भारताचं सरासरी आयुर्मान आता ७० च्या आसपास आहे. निम्मं ३५. म्हणजे मध्यमवय ३० ते ४० असायला हवं. स्वातंत्र्याच्या वेळी आयुर्मान ३२ होतं, तेव्हा तर मध्यमवय सोळाव्या वर्षीच यायचं! मला वाटतं ही सगळी कल्पनाच नवी आहे, आधीच्या लोकांना मध्यमवय मिळतच नसे.

सिस्टर_मडगाव
बाळ, हे गणित पुष्कळ जण करतात म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी सरकारी नोकरीत परिचारिका होते, आता निवृत्त आहे.

आयुर्मान ३२ होतं याचा अर्थ लोक बत्तिशीत मरत होते असा नाही. तान्ही मुलं आणि बाळंतिणी फार जात, त्यामुळे सरासरी खाली यायची. जो माणूस विशीपर्यंत पोचला त्याला पन्नाशी-साठी बघायला मिळण्याची बरीच शक्यता असे. तुझ्या पणजीच्या वेळीही गावात पन्नाशीच्या बायका होत्याच, आणि घरही त्याच चालवत होत्या.

आता मांडवीकाठ यांच्या प्रश्नाबद्दल. पत्रकावर ३० घाला असं जी सेविका म्हणाली ती बरोबर आहे. सरकारची मधुमेह, रक्तदाब, तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग यांची तपासणी ३० वर्षांपासूनच सुरू होते. आपल्या उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ती होते. आणि गोव्याला हे जास्तच लागू आहे. २०२३ साली आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या) मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीचे आकडे आले, त्यात गोवा सगळ्या राज्यांच्या वर होता: प्रौढांपैकी २६.४ टक्के. देशाचा आकडा ११.४. म्हणजे तुमच्या शिबिराला आलेल्या चार बायकांत एक, असं समजून चाला. त्यातल्या कित्येकींना माहीतही नसेल. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ असेल तर तो इशारा समजा, १२६ किंवा वर गेली तर पुन्हा तपासून मधुमेह पक्का करतात. तीन महिन्यांच्या सरासरीची चाचणी (एचबीए१सी) ६.५ किंवा वर गेली तरी तेच.

दुसरं, पाळी जाण्याचं. आपल्याकडे सरासरी ४६-४७ व्या वर्षी पाळी जाते, पाश्चात्त्य देशांतल्या बायकांपेक्षा चार-पाच वर्षं आधी. पण त्रास त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. अंगातून वाफा निघतात, रात्री दचकून जाग येते, छाती धडधडते, लहानसहान गोष्टीवर रडू येतं. घरचे म्हणतात स्वभाव बदलला. वॉर्डात एक बाई आली होती, ४३ वर्षांची, तीन महिने नीट झोपलीच नव्हती. नवरा सांगत होता, "सिस्टर, हिला कुणाची तरी नजर लागली." तिचा हात धरून नाडी बघितली तर तळवा घामाने ओला, आणि बाहेर पाऊस, हवा थंडगार. तिला नुसतं सांगितलं की हे काय चाललंय आणि याला उपचार आहे, तर ती अर्धी तिथेच सावरली. तेव्हा शिबिरात डॉक्टरबाईंना यावर वेळ देऊन बोलायला सांगा. सलग १२ महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात, आणि त्यानंतर एकदा जरी रक्त दिसलं तरी लाजायचं नाही, डॉक्टरकडे जायचंच. एवढं एक वाक्य ऐकून घरी गेल्या तरी शिबिर पावलं.

डोळ्यांचं लहानसं. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग कडक होतं, जवळचं दिसेनासं होतं. चष्मा बाजारातून तयार घेण्यापेक्षा एकदा डोळ्यांचा दाबही तपासून घ्या, काचबिंदू आधी काही सांगत नाही.

पर्वरी२९
सिस्टर, आभारी आहे. सरासरीचं हे लक्षात आलं नव्हतं. आईला उद्याच उपकेंद्रात नेतो, तिने साखर कधी तपासलीच नाही.

सचिवालय_निवृत्त
वैद्यकाचं झालं. सरकारी कागदावर मध्यमवय असं कुठे लिहिलेलं नसतं, पण ते असतं. गोवा सरकारच्या बहुतेक पदांच्या जाहिरातीत "वय ४५ पेक्षा जास्त नसावं" अशी अट असते. दुसऱ्या टोकाला ६०: नोकरीतली निवृत्ती ६० ला, ज्येष्ठांना दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचं अर्थसाहाय्य ६० पासून, आई-वडिलांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्यातला ज्येष्ठ नागरिकही ६० चा. म्हणजे ४५ ला नोकरीचं दार लागतं आणि ६० ला आधाराचं दार उघडतं. मधली १५ वर्षं माणसाने स्वतःच्या हिमतीवर काढायची. माझ्या हिशेबाने गोव्यातलं मध्यमवय ते हेच.

आणि शब्दाबद्दल ताईंनी लिहिलंय म्हणून सांगतो. 'प्रौढ' हा शब्दही असाच फिरतो. १९७८ च्या २ ऑक्टोबरला देशात प्रौढ शिक्षणाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला, तो १५ ते ३५ वयाच्या लोकांसाठी होता. रात्रीच्या वर्गात कंदिलाखाली बसणारा १८ वर्षांचा मुलगा 'प्रौढ'. आणि आज स्थळांच्या जाहिरातीत 'प्रौढ वर' म्हटलं की चाळिशीच्या पुढचा.

वाचनवेडी
जोडीला एक. आपण वानप्रस्थ म्हणजे पन्नाशी असं म्हणतो. पण मनुस्मृतीत त्या जागी आकडा नाही. अंगावर सुरकुत्या, डोक्यावर पांढरे केस आणि मुलाचं मूल दिसलं की गृहस्थाने वनाकडे वळावं असं आहे. माझी मैत्रीण ४४ व्या वर्षी आजी झाली, आणि माझं लेकरू मी ४४ ची असताना पहिलीत होतं.

सत्तरीकर
सचिवालयवाल्या काकांनी ४५ आणि ६० लिहिलंय ते वाचून राहवलं नाही. मी वाळपईच्या बाजूचा. आमच्याकडे मध्यमवय वाढदिवसाने आलं नाही.

२०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा मी चाळिशीचा होतो. माझे दोन टिप्पर (माल वाहणारे ट्रक) होते, दुसऱ्याचं कर्ज निम्मं बाकी. खाणीवरून माल भरायचा आणि जेटीवर बार्जसाठी ओतायचा, दिवसाला जितक्या फेऱ्या तितके पैसे. विशीपासून हेच केलं, दुसरं काही शिकायची गरजच पडली नाही. पहिली दोन-तीन वर्षं सगळे म्हणत होते, उद्या सुरू होईल, परवा सुरू होईल. मधे थोडी सुरूही झाली. टिप्पर धुऊन, बॅटरी बदलून तयार ठेवला. मग २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, ८८ खाणपट्ट्यांची लीज रद्द, मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळं ठप्प. तेव्हा मी ४६. म्हणजे जाहिरात बघायची तर एक वर्ष उशीर झालेला. बँकेच्या माणसाने विचारलं, "आता तुमचं वय काय?" त्याने साधाच प्रश्न केला, फॉर्मवर रकाना होता. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की माझ्या वयाला आता किंमत लागते आणि ती उतरती आहे.

आमच्या गावात त्या वेळचे ३५ चे पोर शिकले, कोणी फार्मा कंपनीत लागले, कोणी किनाऱ्यावर टॅक्सी घातली. साठीच्या वरचे घरी बसले. अडकलो ते आम्ही मधले. मुलं दहावी-बारावीत, आई-बाप औषधांवर, आणि हातात एकच कसब. मला कुणी मध्यमवय म्हणजे काय विचारलं तर मी हे सांगेन. यात वर्षांचा आकडा दुय्यम आहे.

मांडवीकाठ
सत्तरीकर दादा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. आमच्या वाड्यावरही दोन घरं आहेत अशी, पण कुणी बोलत नाही.

नोटरी_गल्ली
शिबिरात वकीलबाई येणार आहेत तर एक मुद्दा त्यांना आवर्जून घ्यायला सांगा. आपल्या गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. वडील गेले की आईचा अर्धा हिस्सा तिचा स्वतःचाच. वाटणी होते ती उरलेल्या अर्ध्याची, आणि त्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच. कित्येक बायका पन्नाशीत भावाच्या सांगण्यावरून सही करून मोकळ्या होतात, आपण काय सोडलं हे न समजता. इन्व्हेंटरीचा (वारसांतल्या वाटणीचा) कागद पुढे आला की वाचून, विचारून मगच सही.

रंगपीठ
मी जरा वेगळं सांगतो. फोंडा महालातल्या आमच्या गावात जत्रेला संगीत नाटक होतं, पिढ्यान्‌पिढ्या होत आलंय. नट सगळे गावचेच. दसऱ्यानंतर एका रात्री सभामंडपात भूमिका वाटतात. कोण म्हातारं झालं, कोण मध्यमवयाचं झालं, ते आमच्याकडे त्या रात्री ठरतं.

मी विशीत नायकाला लागलो आणि पुष्कळ वर्षं नायकच होतो. केस रंगवले, पोट आवळलं, प्रेक्षकांनी चालवून घेतलं. पण गळा खोटं बोलत नाही. मी पदं काळी चारच्या उंच पट्टीत म्हणायचो. एका वर्षी तालमीत वरचा षड्ज लागेना. पेटीवर आमचे मामा बसतात, सत्तरी ओलांडलेले. त्यांनी काही न बोलता खालची काळी दोन धरली आणि मान हलवली, म्हण. त्या पट्टीत पद म्हटलं तर शब्द किती स्वच्छ उमटले! आधी सगळी ताकद वर चढण्यात जायची. दोन वर्षांनी भूमिका वाटताना माझ्याकडे नायिकेच्या बापाची आली. पदं गेली, एकच राहिलं. पण तिसऱ्या अंकातला गद्य प्रवेश सगळा माझ्यावर. आणि नवा नायक, २४ वर्षांचा पोरगा, त्याला उभं राहायला शिकवायचं कामही माझ्यावर. आता मी तालमीला सगळ्यांच्या आधी जातो आणि शेवटी निघतो.

गावाकडे नीट बघा. देवळाची समिती, भजनाचा सप्ताह, चवथीची वर्गणी, पंचायतीत अर्ज घेऊन जाणारे, हे सगळे कोण आहेत? ४० ते ६० चे. तरुण नोकरीसाठी पणजी-वेर्ण्याला नाहीतर परदेशी, म्हातारे थकलेले. मध्यमवयीन हा शब्द जर कुणाला वास मारल्यासारखा वाटत असेल तर तो गावातल्या या कामाशी जोडून वापरा. वापरानेच शब्द सुधारतो.

फातोर्डा_माय
"तरुण परदेशी" यावर माझंही. माझी दोन्ही मुलं इंग्लंडमध्ये स्विंडनला आहेत. सासऱ्यांचा जन्म १९६१ च्या आधीचा, पोर्तुगीज राजवटीतला, त्यामुळे पोर्तुगालचा पासपोर्ट झाला आणि मुलं तिकडे गेली. मी ५२, सासूबाई ८१. घरात आम्ही दोघीच, हे बोटीवर असतात. लोक म्हणतात तुझी जबाबदारी संपली. कुठे संपली? सकाळी सासूबाईंचं इन्सुलिन, रात्री मुलीचा फोन, तिथे संध्याकाळ असते तेव्हा इथे माझे डोळे मिटत असतात. मला शिबिर हवंय ते यासाठी, की म्हाताऱ्या माणसाला पलंगावरून कसं उठवायचं हे कुणीतरी शिकवावं. माझी कंबर गेली उचलून.

सिस्टर_मडगाव
बाय, उचलायचं नाही. आधी त्यांना कुशीवर वळवायचं, पाय पलंगाखाली सोडायचे, मग खांद्यामागे हात घालून बसतं करायचं. पायांचं वजनच धड उठवतं. दोन मिनिटं बसवून मगच उभं करा, नाहीतर चक्कर येते. मांडवीकाठ, हे शिबिरात करून दाखवायला मी येते.

मांडवीकाठ
सिस्टर, नक्की या! संपर्क व्यक्तिगत निरोपातून करते.

पर्वरी२९
एक विचारू का? मिडलाइफ क्रायसिस हे खरं असतं का? वाचलं की एलियट जॅक्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६५ च्या लेखात हा शब्द आणला, कलावंतांची आयुष्यं अभ्यासून, आणि त्याच्या मते ते संकट ३५ च्या सुमारास येतं. शिवाय ब्लँचफ्लॉवर आणि ऑस्वाल्ड या अर्थतज्ज्ञांनी २००८ मध्ये बऱ्याच देशांची माहिती जोडून दाखवलं की समाधान चाळिशीत तळाला जातं आणि नंतर पुन्हा चढतं.

कुळागर
तळ असेल, पण प्रत्येकाचा नाही. माझ्याकडे येणाऱ्यांत मन बिघडलेलं असतं त्यामागे बहुतेक वेळा काहीतरी घडलेलं असतं: नोकरी गेली, कोणी आजारी, भावांत भांडण. नुसत्या वयाने खचलेला माणूस मला क्वचित भेटला. सत्तरीकरांचंच बघा, त्यांना वयाने नाही मारलं. सगळं संकट वयाच्या नावावर टाकलं की खरं कारण विचारायचं राहून जातं, आणि उपायही.

पर्वरी२९
पटलं. सत्तरीकर काका, मग तुम्ही ४६ नंतर काय केलंत? सांगण्यासारखं असेल तर.

सत्तरीकर
सांगण्यासारखं आहे. दोन्ही टिप्पर विकले, आले त्यात बँक भागवली. वडिलांची डोंगराच्या उतारावरची जमीन पडून होती, काजूची जुनी रानझाडं, निम्मी आगीत गेलेली. ती साफ करून कलमं लावली. लोक म्हणाले या वयात झाड लावतोस, खाणार कधी? बियांचं झाड असतं तर त्यांचं खरं होतं. कलम तिसऱ्या वर्षापासून फळ दाखवतं आणि सहाव्या-सातव्या वर्षी नीट हाताला येतं. आज मी पन्नाशी ओलांडलीय आणि मार्च ते मे घरात उसंत नसते. बोंडू (काजूचं फळ) वेगळे, बी वेगळी. बोंडू हुर्राक, म्हणजे काजूची दारू, काढणाऱ्याला, बी सोसायटीला. खाणीचा पैसा नाही हा, पण कुणाच्या निकालावर थांबलेलाही नाही.

कुणाला करायचं असेल तर काजूच्या जाती सांगतो: बाळ्ळी-२ किंवा वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ घ्या, कृषी खात्याच्या नाहीतर खात्रीच्या रोपवाटिकेतूनच. सात-आठ मीटर अंतर ठेवा, दाटी करू नका. खड्डे मे महिन्यात काढायचे, पाऊस धरला की जूनमध्ये लावणी. जोडाच्या खालून फूट आली तर लगेच काढायची, नाहीतर कलम मरतं आणि खालचं रान वाढतं. फेब्रुवारीच्या आत भोवतालचं सुकलेलं गवत कापून आगीसाठी पट्टा मोकळा करायचा, आमच्याकडे नुकसान तिथेच होतं. आणि पहिली दोन वर्षं मोहोर आला तर खुडून टाका, मोह आवरत नाही पण खुडा, झाडाची ताकद खोडात जाऊ दे. या पावसाळ्यात कुणी लावणार असेल तर निरोप पाठवा, बागेत येऊन बघा.